शाळेची किल्ली कुणाकडे आहे? : कोकण किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामसेवक,
पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंतच्या किनाऱ्यावरच्या सगळ्या ग्रामपंचायती

विषय : १ मेच्या ग्रामसभेत वादळाचा एक विषय घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

मी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावात राहते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात आमची थोडी फजिती आहे, आणि वाचताना तुम्हाला 'हे तर आमच्याच गावाचं लिहिलंय' असं वाटलं तर ते मला हवंच आहे. तीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. सेवा संपली, पण रजिस्टर भरायची खोड काही गेली नाही. घरचं आठ गुंठ्यांचं आगर, म्हणजे सुपारीची बाग, आहे. त्यातलं काय उरलं ते पुढे येईलच.

२ जून २०२०, मंगळवार, निसर्ग चक्रीवादळाच्या आदला दिवस. वटपौर्णिमा शुक्रवारी होती. संध्याकाळी पाचच्या सुमाराला भोंगा लावलेली जीप पाखाडीच्या तोंडाशी येऊन थांबली आणि आतला माणूस कागदावरचं वाचायला लागला : सखल भागातील व कच्च्या घरातील नागरिकांनी तात्काळ सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे. तीनदा वाचलं आणि जीप पुढच्या गावाला निघून गेली. शेजारच्या काकी ओटीवर बसून ऐकत होत्या. तेव्हा त्या ८१ वर्षांच्या. मला हाक मारून म्हणाल्या, "बाय, या वयात माझ्यासाठी कुठलं स्थळ बघतायत गो हे?" आम्ही दोघी खूप हसलो. मग हसू सरल्यावर त्यांनी विचारलं, "पण खरंच, जायचं कुठं?"

मला उत्तर देता आलं नाही. गावातल्या प्रत्येक घरात कोण गरोदर आहे, कुणाच्या पोराचं वजन कमी आहे, हे मला तोंडपाठ होतं. पण वादळात बसायचं कुठे, हे मलाच काय, कुणालाच ठाऊक नव्हतं.

हवामान खात्याला मी बोल लावणार नाही. २ जूनला ते सांगत होते, वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागेल म्हणून, आणि ३ तारखेच्या दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यालाच लागलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते १२० किलोमीटर सांगितला होता, तेवढा तो आलाही. पूर्वी बंदरावर बावटा लागला की कळायचं, आता घरातल्या प्रत्येक फोनवर कळतं. आमच्यापर्यंत शब्द वेळेत पोचला. त्या शब्दाचं करायचं काय, हे आम्ही ठरवलेलं नव्हतं.

बुधवारी सकाळी आठला आमच्या आळीतली माणसं शाळेकडे निघाली. शाळाच का, तर दुसरं काही सुचलं नाही म्हणून. शाळेच्या दोन खोल्या. नवी स्लॅबची खोली मुंबईहून आलेल्या अकरा चाकरमान्यांना विलगीकरणासाठी दिलेली. ते दिवस आठवत असतील तुम्हाला. जुनी खोली सिमेंटच्या पत्र्यांची आणि तिला कुलूप. किल्ली गुरुजींकडे, गुरुजी लॉकडाऊनमध्ये घाटावर आपल्या गावी अडकलेले. दुसरी किल्ली समितीच्या अध्यक्षांकडे असते. त्यांनी ती मार्चमध्ये पोषण आहाराचा तांदूळ वाटताना कुणाला तरी दिली होती. कुणाला, ते काही आठवेना.

मग पावसात उभं राहून चर्चा सुरू झाली. कुलूप तोडावं तर सरकारी मालमत्ता, उद्या नाव कुणावर येणार? एक जण म्हणाला, ग्रामसेवकांना फोन लावा. रेंज गेली होती. दुसरा म्हणाला, लेखी घेऊ. कागद भिजला. काकींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं होतं, त्या डोक्यावर इरलं घेतल्यासारखी ताडपत्री धरून हे सगळं ऐकत होत्या. चाळीस मिनिटं गेली. शेवटी बारावीतल्या एका पोराने कुणालाही न विचारता पहार घातली आणि कडी-कोयंडा उपटून काढला. त्याचं नाव त्या दिवशी कुणी घेतलं नाही, मीही आज घेत नाही.

साडेबारानंतर वारा फिरला. सकाळी तो डोंगराच्या अंगाने येत होता, दुपारी समुद्राकडून आला. ज्या झाडांची मुळं सकाळी एका बाजूने सैल झाली होती, ती दुपारी दुसऱ्या बाजूला पडली. सिमेंटचा पत्रा जायच्या आधी थरथरतो, मग पापड मोडल्यासारखा आवाज येतो आणि वर आभाळ दिसतं. तीन पत्रे गेले तेव्हा आम्ही आत साठेक माणसं होतो. नव्या खोलीपर्यंतचं अंतर वीस पावलांचं. ती वीस पावलं आम्ही एकमेकांचे हात धरून, पोरांना मध्ये घेऊन, काकींना खुर्चीसकट उचलून कशी गेलो ते आठवलं की आजही माझे हात गार पडतात. त्या अकरा जणांनी आतून दार उघडलं आणि भिंतीकडे सरकून जागा केली. गेले आठ दिवस गावाने त्यांच्याकडे पाण्याची कळशीसुद्धा लांबून ठेवली होती. त्या खोलीत 'लांब बसा' असं कुणीच म्हणालं नाही.

कुणाला काही झालं नाही, यात गावाचं कर्तृत्व शून्य. आणखी एक नशीब सांगते. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीचा तास निघतो. त्या दिवशी द्वादशी सरून त्रयोदशी लागत होती, म्हणजे भरती पावणेदहाच्या आसपास. वादळ किनाऱ्याला लागलं साडेबारा ते अडीचच्या मध्ये, ओहोटीत. पौर्णिमा दोन दिवसांवर, उधाणाचे दिवस, आणि वादळाने पाणी एक-दोन मीटर फुगेल असं खातं सांगत होतं. तेच वादळ तीन तास लवकर आलं असतं, तर खाडीकाठच्या आळीचं काय झालं असतं? हा हिशेब मी नंतर केला. आधी करायला हवा होता.

पावसाळा सरल्यावर मी एक उद्योग केला. वही घेऊन गावभर फिरले आणि स्लॅबची घरं मोजली. १९ निघाली. त्यातल्या १४ घरांना कुलूप होतं.

ही १४ घरं मुंबईकरांची आणि पुणेकरांची. पक्का पाया, कॉंक्रीटच्या भिंती, खिडक्यांना ग्रिल, वर टाकी. गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात, एरवी बंद. आणि बारा महिने गावात राहणारी माणसं, त्यात जास्त करून म्हाताऱ्या बायका, कौलांखाली आणि पत्र्यांखाली. म्हणजे गावात वादळात टिकतील अशा खोल्या होत्या, नुसत्या होत्या असं नाही, गावातल्या सगळ्यांना पुरून उरतील एवढ्या होत्या. त्यांच्या किल्ल्या बोरिवलीत, डोंबिवलीत आणि कोथरूडमध्ये खुंटीला टांगलेल्या होत्या.

म्हणून हे पत्र. सरकारची निवारा केंद्रं काही ठिकाणी झाली, काही ठिकाणी व्हायची आहेत. ती प्रत्येक वाडीला मिळतील या आशेवर मी तरी बसणार नाही. माझं मागणं एवढंच आहे की १ मेच्या ग्रामसभेत एक विषय घ्या आणि एक रजिस्टर सुरू करा. कोणत्या घरातलं माणूस कोणत्या खोलीत जाणार, त्या खोलीची किल्ली कुणाकडे, आणि ज्याला चालता येत नाही त्याला आणायला कोण जाणार. नावानिशी.

१ मेच का म्हणते, तर अरबी समुद्रातल्या वादळांचे हंगाम दोन. एक पावसाच्या आधी, एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत. दुसरा पाऊस गेल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. निसर्ग ३ जूनला आलं. तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात, १६-१७ तारखेला. फयान २००९ च्या ११ नोव्हेंबरला, जेव्हा आपण सगळे दिवाळी आटोपून निवांत झालो होतो आणि होड्या समुद्रात होत्या. आता ग्रामसभांच्या तारखा बघा : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. दोन सभा बरोबर दोन्ही हंगामांच्या तोंडावर आहेत. ज्याने या तारखा ठरवल्या त्याच्या मनात वादळ नक्कीच नव्हतं, पण सोय आपसूक झाली आहे. शिवाय मे महिन्यात चाकरमानी गावात असतो, म्हणजे किल्लीवाला सभेत समोर बसलेला असतो. ऑक्टोबरच्या सभेला तो नसतो, तर त्याला गणपतीत गाठायचा. आरतीला येतोच.

गणपूर्ती होत नाही म्हणून १ मेची सभा बऱ्याच ठिकाणी तहकूब होते, हे मला माहीत आहे. आमच्याकडेही होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, तेव्हा घ्या.

आता तुमच्यातलं कुणी तरी म्हणेल, "बाई, वादळं काय दरवर्षी येतात?" आमच्या सभेत हे वाक्य ऐकलंय म्हणून लिहिते. २०१९ साली एकट्या अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली : वायू, हिक्का, क्यार, महा, पवन. त्यातलं क्यार तर महाचक्रीवादळाच्या दर्जाला पोचलं होतं, फक्त तोंड फिरवून दुसरीकडे गेलं. पुढच्याच वर्षी निसर्ग आणि त्याच्या पुढच्या वर्षी तौक्ते. समुद्र तापलेला असला की वादळाला बळ मिळतं, आणि आपला समुद्र तापतोय हे शास्त्रज्ञ कधीपासून सांगतायत. बंगालच्या उपसागराची वादळं टीव्हीवर बघायची आणि आपण सोलकढी प्यायची, ते दिवस गेले.

बंगालच्या उपसागराचा विषय निघालाच आहे तर ओडिशाचं सांगते. ऑक्टोबर १९९९ च्या वादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्याच ओडिशात २०१९ च्या मे महिन्यात फनी आलं, तेव्हा बारा लाखांच्या आसपास माणसं आधीच हलवली होती आणि मृतांचा आकडा ६४ वर थांबला. एकही जीव जायला नको होता, पण दहा हजार आणि ६४ यांच्यामध्ये जे उभं आहे ते समजून घ्या. निवारा केंद्रं बांधली, हे आहेच. पण त्या केंद्राची गावातली समिती असते, सराव होतात, आणि वादळाच्या आदल्या दिवशी ओळखीचा माणूस दारात येऊन म्हणतो, चला. भोंग्याचं ऐकून माणूस घर सोडत नाही. मीही सोडलं नसतं. काकी तर दोन कोंबड्या आणि देव्हारा सोडून कुठेच जायला तयार नव्हत्या. त्या आल्या त्या मी हात धरला म्हणून, आणि एक कोंबडी पदराखाली घेऊनच.

रजिस्टरमध्ये काय लिहायचं, हे मी अंगणवाडीच्या अनुभवावरून सांगते. जातनिहाय, योजनानिहाय रकाने पाडत बसू नका. घराप्रमाणे चला, पाखाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. घरात कोण एकटं आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाचं बाळंतपण मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आहे, कुणाला डायलिसिसला जावं लागतं, कुणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं. यातलं निम्मं आशाताईंच्या आणि सेविकेच्या वहीत आत्ता आहे. फक्त त्यांनाच पुन्हा कामाला जुंपू नका, एवढी विनंती. वादळाच्या दिवशी त्यांचंही घर असतं.

खोली निवडताना नुसता स्लॅब बघून भुलू नका. समुद्रापासून, खाडीपासून किती उंचावर आहे ते बघा. जवळ जुना माड किंवा वड आहे का बघा. संडास आहे का, त्याला पाणी आहे का, आणि दाराला आतून कडी लागते का, हे एखाद्या बाईला बघायला पाठवा. पुरुष मंडळी खोली बघून येतात आणि 'ऐसपैस आहे' म्हणून सांगतात. साठ माणसांत चौदा तास काढले की कळतं ऐसपैस म्हणजे काय.

हवामान खात्याचे इशारे टप्प्याटप्प्याने येतात. साधारण ४८ तास आधी पिवळा, २४ तास आधी नारिंगी, १२ तास आधी लाल. त्यांना गावाची कामं जोडून टाका. पिवळा आला की किल्ल्या हातात आल्या पाहिजेत, खोल्या झाडून पाणी भरून ठेवलं पाहिजे. नारिंगी आला की काकींसारख्यांना उजेडात हलवायचं, रात्रीची वाट बघायची नाही. लाल आला की पाखाडीवर कुणीही दिसता कामा नये. निघताना गोठ्यातल्या गुरांची दावी सोडायची, मेन स्विच बंद करायचा, सिलिंडर बंद करायचा. आणि वारा मध्येच पडला, ऊन आल्यासारखं झालं, तर बाहेर पडायचं नाही. वादळाच्या डोळ्यात असंच शांत असतं, मग उलट्या बाजूचा वारा येतो. हे एक वाक्य शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवलं तरी पुष्कळ झालं.

होड्यांबद्दल मी नाखव्यांना काय शिकवणार! निसर्ग आलं तेव्हा आमच्याकडच्या बऱ्याचशा होड्या वर ओढलेल्या होत्या, हेही नशीबच. तौक्तेच्या वेळी तसं नव्हतं. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि जमिनीवर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, हे दोन नंबर भिंतीवर रंगवा. फोनमध्ये साठवलेला नंबर फोनबरोबर बंद पडतो.

आता त्या दिवसानंतरचं. टीव्हीवाल्यांचं वादळ ३ जूनच्या संध्याकाळी संपलं, आमचं त्या संध्याकाळी सुरू झालं. बंदरावरच्या बावट्यांना १ ते ११ नंबर असतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. दहा नंबर म्हणजे सगळ्यात मोठा धोका. मग अकरा कशाला? तर अकरा नंबरचा अर्थ, इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला आहे. आमचं गाव पुढचे तीन आठवडे अकरा नंबरच्या बावट्याखाली होतं. खांब भातासारखे आडवे पडलेले. वीज नाही, म्हणून टॉवर नाही, म्हणून फोन नाही. मुंबईतल्या पोरांना आईबाप जिवंत आहेत का ते कळेना. कुणी तरी डोंगरावर चढून, रेंज पकडून, पंचवीस घरांचे निरोप एकदम सांगून यायचा.

त्यातही सगळ्यात वाईट हाल पाण्याचे. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, विहिरी भरलेल्या असताना. आमच्याकडे प्रत्येक आगरात विहीर आहे आणि प्रत्येक विहिरीवर मोटर. मोटर आली तेव्हा रहाट काढून टाकले, काहींनी ते लोखंड भंगारात विकलं, काहींनी होमस्टेच्या अंगणात शोभेला उभे केले. दोर-पोहरा कुणाकडे नाही. कठड्यांवर जाळी ठोकून बसवलेली. अख्ख्या आळीत एका घरी रहाट चालू होता, तोही म्हातारबुवा हट्टी म्हणून. पहाटे चारपासून त्यांच्या विहिरीवर बायकांची रांग. पुढे कुणी तरी टेम्पोत जनरेटर घालून आणला आणि तासाच्या भावाने टाक्या भरून द्यायला लागला. आम्ही दिलेही पैसे, तक्रार नाही. पण जनरेटर ग्रामपंचायतीचा असता तर? वित्त आयोगाच्या निधीतून गावाच्या आराखड्यात किती बाकडी बसतात हे आपण सगळे बघतो. समुद्राकडे तोंड करून बसायची बाकडी गावात पुष्कळ झाली. एक जनरेटर, एक लाकूड कापायचं कटर मशीन, चार मोठे दोर, दोन बॅटऱ्या, एक ट्रान्झिस्टर एवढं या वर्षी घ्या. कटर मशीन नव्हतं म्हणून रस्त्यावर पडलेल्या एका वडाने आमचं गाव दोन दिवस अडवून धरलं होतं. कोयत्या आणि कुऱ्हाडींनी किती तोडणार? वटपौर्णिमेच्या दिवशी बायकांनी त्याच आडव्या वडाला सूत गुंडाळलं. फेऱ्या मारता येत नव्हत्या, तर एकीने दोरा फांदीखालून पलीकडे द्यायचा आणि दुसरीने घ्यायचा.

आणि प्रत्येक आळीत निदान एक विहीर अशी ठेवा की जिच्यावर रहाट आहे आणि तो फिरतो. शोभेचा चालणार नाही.

आगराचं सांगते म्हटलं होतं. आमच्या आठ गुंठ्यांत तीनशेच्या वर पोफळी होत्या, सासऱ्यांच्या हातच्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पोफळ उंच, सडपातळ. एकीच्या आधाराने दुसरी उभी राहते आणि एक पडली की दुसरीला घेऊन पडते. घरी गेल्यावर बघितलं तर आगरातून समुद्र दिसत होता. चाळीस वर्षं त्या घरात नांदले, आगरातून समुद्र मी कधी बघितला नव्हता. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. तेव्हा लावलेल्या आता कुठे धरू लागल्यात.

मग पंचनामे. सरकारने बागायतीची मदत वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केली, चांगलं केलं. पण आमच्याकडे हेक्टरात आगर कुणाचं? हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० रुपये. आठ गुंठ्यांचे ४,०००. त्यावर ओरड झाली, पुढे झाडांच्या हिशेबाने मदत द्यायचं ठरलं. तर झाडं किती होती ते सांगा म्हणाले. पडलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या, निम्म्या तोडून बाजूला केलेल्या पोफळी मोजून बघा कधी. दोघांनी मोजल्या तर दोन आकडे येतात. आणि सातबारा सामाईक. आमच्यावर २७ नावं आहेत, त्यातली नऊ माणसं वर गेलेली आणि एक मस्कतला. प्रत्येकाचं संमतीपत्र आणा. किती घरांची मदत या एका कागदावर अडली त्याची गणती नाही.

म्हणून रजिस्टरात आणखी एक पान घाला. झाडं उभी आहेत तोवर मोजा. घर उभं आहे तोवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. सामाईक सातबाऱ्याचं संमतीपत्र गणपतीला सगळे भाऊबंद घरी असतात तेव्हा सह्या घेऊन तयार ठेवा; मोदक खाताना माणूस सही देतो, नंतर देत नाही. आणि हे कागद पत्र्याच्या पेटीत ठेवू नका, पेटी तरंगत जाते. जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी त्या नेमून दिलेल्या खोलीत नेणाऱ्या पहिल्या माणसाच्या हातात.

चाकरमानी भावाबहिणींनो, पत्र ग्रामपंचायतींना असलं तरी तुम्ही वाचताय हे मला माहीत आहे. तुमच्या बंगल्याची किल्ली शेजाऱ्याला द्यायला मन का होत नाही, ते मी समजू शकते. नवा सोफा आहे, टाइल्स आहेत, चिखलाचे पाय लागतील. ठीक आहे, आतल्या खोल्या बंद ठेवा. हॉल आणि एक संडास उघडा ठेवला तरी पुरे. सामानाची यादी करून ग्रामसेवकांची सही घ्या. (ग्रामसेवकभाऊ, तुमचं पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण आमच्या तोंडात ग्रामसेवकच बसलंय, राग मानू नका.) वर्षाचे अकरा महिने तुमच्या घरावर लक्ष कोण ठेवतं? पाइप फुटला तर फोन कोण करतं? त्याच काकी. तुमच्या हॉलमध्ये एक रात्र बसायचा त्यांचा हक्क मी मागते आहे.

होमस्टेवाल्यांनाही हेच. तुमच्या खोल्या गावातल्या सगळ्यात पक्क्या आहेत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यात पर्यटक असतात. पिवळा इशारा आला की पाहुण्यांना बुकिंगचे पैसे परत देऊन घरी पाठवा. लाटा बघायला थांबू द्याल तर त्यांना आणायला आमचीच पोरं जाणार.

आमच्या गावात हे सगळं झालं का, असं विचाराल. अर्धवट झालं. पहिल्या सभेत विषय 'ऐनवेळचे विषय' मध्ये आला आणि वेळ संपली. दुसऱ्या सभेत रजिस्टर घ्यायचं ठरलं, पण खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा यावर अडलं. ५० रुपयांचं रजिस्टर मीच आणलं. १४ बंद घरांपैकी सहा घरांच्या किल्ल्या गावात आल्या आहेत. दोघांनी साफ नाही म्हणून सांगितलं. बाकीचे 'बघू' म्हणाले, म्हणजे काय ते आपल्याला कळतं. शाळेची तिसरी किल्ली करून घेतली. पहार घालणारा पोरगा आता गावातच वायरमनकी करतो, ती त्याच्याकडे आहे.

माझ्या रजिस्टरातली पहिली नोंद माझीच आहे, ती इथे उतरवते. नमुना म्हणून वापरा. घर कौलारू, पण निसर्गनंतर मागच्या दोन खोल्यांवर कर्ज काढून स्लॅब घातला. खाडीपासून पाखाडीच्या ४२ पायऱ्या वर. बसायला जागा १८ माणसांना, दाटीवाटीने २२. संडास एक, पाण्याची बादली भरलेली असते. विहिरीला रहाट आहे, गेल्या वर्षी बसवला, कुरकुरतो पण फिरतो. काकी आता ऐंशीच्या बऱ्याच पुढे आहेत, त्यांचं नाव या खोलीच्या यादीत पहिलं, त्यांना आणायला मी आणि पलीकडचा मुलगा, कोंबडीसाठी खुराडं तयार. किल्ली माझ्याकडे एक आणि दुसरी एका ठरलेल्या जागी. ती जागा कुठली ते मात्र इथे लिहिणार नाही. ग्रामसभेला या, तिथे सांगते.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड